सिंहगड ते रायगड नकाशा, भाग ३ : ए१ की ए०, ठरलं एकदाचं

मागच्या भागात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की क्यूजीआयएसमधलं (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) काम झालंय, आता "फक्त प्रिंट काढायचं बाकी आहे". त्या "फक्त" मध्ये दीड महिना गेला मंडळी. नकाशा तोच आहे, एक कंटूरसुद्धा (समान उंचीची रेषा) हलवलेली नाही, सगळा वेळ गेला तो कागद केवढा घ्यायचा या एका प्रश्नात.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: घरात भिंतीवर फ्रेम करून लावायला सिंहगड ते रायगड भागाचा नकाशा करतोय. सर्व्हे ऑफ इंडियाची ५०,००० स्केलची (कागदावर १ सेंमी म्हणजे जमिनीवर अर्धा किमी) एक शीट १५ मिनिटं बाय १५ मिनिटांची असते, आणि आपलं नशीब असं की सिंहगड ४७ एफ/१५ नंबरच्या शीटवर, तोरणा एफ/११ वर, राजगड एफ/१२ वर आणि रायगड पार एफ/८ वर. चार गड, चार शीटा. त्यात राजगडाचा बालेकिल्ला वरच्या कडेपासून जेमतेम सेंटिमीटरभर आत, म्हणजे शीट लावली तर गड कुठून कुठे जातो ते कळायच्या आत कागदच संपतो. म्हणून ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून केलेला मोफत नकाशा) वाटा आणि एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेली) उंची घेऊन स्वतःचाच नकाशा करायला घेतला.

आता साइज. सिंहगड ते रायगड पूर्व-पश्चिम साधारण ३३ किमी. ५०,००० ला ते झाले ६६ सेंमी. ए२ आडवा धरला तरी ५९.४ सेंमी, म्हणजे ए२ तिथेच बाद. ए१ आडवा ८४.१ बाय ५९.४, त्यात ४२ बाय जवळपास ३० किमी बसतात, चारही गड आत आणि समासाला जागा. कागदावर इतकं सुंदर जमत होतं, पण हॉलमधली सोफ्यामागची भिंत १० फुटांची, आणि मनात आलं की एवढ्या भिंतीवर ए१ म्हणजे परातीत लिंबाची फोड. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश तरी फ्रेम हवी असं सगळे सांगतात, आमचा सोफा ६ फुटी, म्हणजे ४ फूट, म्हणजे १२२ सेंमी. ए० आडवा ११८.९. झालं, ए० घ्यायचा असं ठरवून मोकळा झालो.

इथे पहिला घोळ. ए० चं क्षेत्रफळ ए१ च्या दुप्पट, पण लांबी १.४१ पटच वाढते, त्यामुळे तोच भूभाग ए० वर भरला तर स्केल २५,००० होत नाही, ३५,००० च्या आसपास येतं. मी मूर्खासारखा २५,००० ला सेट करून एक्स्पोर्ट केलं आणि रायगड कागदाबाहेर. बरं, ते सुधारलं तर दुसरंच दिसलं. एसआरटीएमचा एक पिक्सेल ३० मीटरचा, ५०,००० ला तो ०.६ मिमी पडतो, हिलशेडमध्ये (डोंगरउतारांच्या छायेत) खपून जातो. ३५,००० ला तो जवळपास ०.९ मिमी होतो आणि तोरण्याच्या कड्यांवर पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात. कागद मोठा केला म्हणून माहिती वाढत नाही, फक्त ढोबळपणा मोठा दिसतो. डीपीआय कितीही लावा, खाली डेटाच तेवढा आहे.

तरी हट्टाने पेपरची पानं चिकटवून ए० आणि ए१ असे दोन तुकडे कापले आणि मास्किंग टेपने सोफ्याच्या वर आळीपाळीने लावून बघितले. (हे नक्की करा, फुकट आहे, आणि डोक्यातला आकार व भिंतीवरचा आकार यांचा काही संबंध नसतो.) ए० मस्त दिसत होता. मग आई आली, दोन मिनिटं बघून म्हणाली, "आणि राजगड शोधायला सोफ्यावर गुडघे टेकायचे का रे?"

मी गप्प.

कारण तेच तर आहे ना. सिनेमाचं पोस्टर किंवा फोटो लांबून बघायचा असतो, कर्णाच्या दीडपट अंतर वगैरे हिशोब तिथे चालतात. नकाशा लांबून फक्त एक हिरवट-तपकिरी चौकोन असतो, खरा बघायचा तो नाक लावून, बोट फिरवत, "अरे आपण इथून उतरलो होतो" म्हणत. माझी गावांची नावं ७ पॉइंटची, देवनागरीला वेलांट्या-मात्रांमुळे त्याखाली जाता येत नाही, ६ ला "भोर्डी" नुसता डाग दिसत होता. ७ पॉइंट म्हणजे अडीच मिमी. समोरच्या खुर्चीतून १० फुटांवरून ते कुणाच्या बापाला वाचता येणार नाही, ए० असो नाहीतर काही असो.

म्हणून भिंतच बदलली. डायनिंग टेबल आणि आतल्या खोलीच्या दारामधला पट्टा, ४ फूट रुंद, समोर उभं राहायला मोकळी जागा, आणि आतली भिंत असल्यामुळे पावसाळ्यात ओल येत नाही (सोफ्यामागची बाहेरची भिंत जुलैत फुगते, हे मी आधी सोयीस्कर विसरलो होतो). तिथे ए० लावला तर दोन्हीकडे दीड-दीड सेंमी उरतं, म्हणजे भिंतीलाच वॉलपेपर लावल्यासारखं. ए१ बरोब्बर. मधे एकदा ए३ चा मोह झाला होता, तोच भाग १,००,००० ला, पण राजगड-तोरणा धारेची वाट, जी सरळ रेषेत ७ किमी आहे, ती ए१ वर १४ सेंमी येते आणि ए३ वर ७, आणि २० मीटरच्या कंटूर कड्यापाशी एकमेकींत घुसून चॉकलेटचा थर होतो. ते नको.

प्रिंट आर्किटेक्टच्या ड्रॉइंगा काढणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे काढली. पहिली प्रिंट घरी आणून पट्टी लावली तर १० किमीची स्केलबार २० सेंमीऐवजी १९.४. त्याने "फिट टू पेज" ठेवलं होतं. दिसायला काही फरक नाही, पण माझ्या डोक्यात तो ३ टक्के किडा वळवळत राहिला, परत गेलो, १०० टक्क्यांवर दुसरी काढून घेतली आणि तिथेच मोजली. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता फ्रेम. फ्रेमवाले इंचात बोलतात, तयार माल २४ बाय ३६, आणि ए१ आहे २३.४ बाय ३३.१. तयार फ्रेममध्ये आडव्या बाजूला जवळपास ३ इंच मोकळे राहतात, वर-खाली अर्धा, ते बेढब दिसतं. नकाशाच २४ बाय ३६ चा करावा असाही विचार केला, साडेतीन किमी जास्त मिळाले असते, पण मग २४ इंची रोलवर कापायलाही जागा राहत नाही, ३६ चा रोल लागतो. शेवटी चारही बाजूंना २ इंचांचा पांढरा माउंट (नकाशाभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) देऊन मापाने बनवायला टाकली. ३ मिमी काच घेतली तर अर्ध्या चौरस मीटरला पावणेचार किलो होतात, माउंटमुळे आणखी वर. ॲक्रिलिक जवळपास निम्म्या वजनात जातं, ओरखडे पडतात पण पडलं तर फुटत नाही, तेच सांगितलंय. मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावणार, हवा खेळायला.

भिंतीवर मध्यबिंदू १४५ सेंमीवर ठेवतात म्हणतात, मी १४० वर पेन्सिलने फुली मारलीय, कारण आईला वरची बाजू, म्हणजे पानशेतचं पाणी, मान वर न करता दिसलं पाहिजे. सोसायटीत ड्रिल रविवारी चालत नाही, म्हणजे शनिवार. तोवर पेपरचा ए१ अजून भिंतीवरच आहे आणि पाहुणे विचारतात की ही बातमी फ्रेम करायचीय का.