चिमट्यात धरता येणारी माती

पाण्यातला रंग ओढून घेणारे मणी मी बेंटोनाइट या पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीपासून करते. बेंटोनाइट पाण्यात एकदम ओतायचं नाही, हे मी आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. ढवळत्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरायचं आणि रात्रभर फुगू द्यायचं. घाई केली की गुठळ्या होतात. गुठळी फोडून पाहा, आत पूड कोरडीच असते.

या मातीतलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित. त्यात मी मिसळते कायटोसान, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतल्या कायटिनपासून केलेला पदार्थ. १ टक्का ॲसिटिक आम्लात तो विरघळतो आणि धनभारित होतो. त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरतात. भराभर ओतलं तर मिश्रण फाटतं आणि तळाशी चोथा बसतो. थेंब थेंब सोडलं तर कायटोसानच्या साखळ्या थरांमध्ये शिरतात. एक्स-रे विवर्तनात, म्हणजे क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजण्याच्या चाचणीत, हे अंतर सुमारे १.२ वरून १.५ नॅनोमीटरच्या आसपास गेलेलं दिसतं. पण नुसत्या ओलाव्यानेही ते तेवढं वाढू शकतं, म्हणून नमुना नीट वाळवल्याशिवाय मी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

हे मिश्रण सुईतून सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सोडलं की मणी तयार होतात. त्यांनी पाण्यातला मिथिलीन ब्ल्यू रंग किती ओढला, हे ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाण्यात किती शोषला जातो त्यावरून मोजायचं. पहिल्या चाचण्यांत रंग इतका उतरला की मी हरखून गेले. मग मण्यांशिवाय नुसतं रंगाचं पाणी त्याच फिल्टर पेपरमधून गाळून पाहिलं. कागद निळा झाला, खाली आलेलं पाणी फिकट. कागदातला सेल्युलोजच रंग धरून ठेवत होता! वहीतल्या त्या सगळ्या आकड्यांवर रेघ मारली. तेव्हापासून गाळणं बंद केलं, सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून घन भाग तळाशी बसवणारं यंत्र) वापरते, आणि मण्यांशिवायची चाचणी प्रत्येक वेळी शेजारी चालवते.

खऱ्या आकड्यांनी सांगितलं की ग्रॅममागे माझे मणी नुसत्या मातीपेक्षा कमी रंग धरतात. साहजिक आहे. मिथिलीन ब्ल्यूही धनभारितच, आणि थरांवरच्या बऱ्याच जागा कायटोसानने आधीच अडवलेल्या. तरी मी मण्यांच्याच बाजूने आहे. नुसती माती पाण्यात इतकी बारीक पसरते की दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच. मणी मात्र चिमट्याने उचलता येतो. निळाशार झालेला असतो, हलका दाबला तर परत फुगतो, आणि खालचं पाणी स्वच्छ.

आता अडचण आम्लधर्मी पाण्याची, तिथे कायटोसान पुन्हा विरघळतं. साखळ्या एकमेकींना जोडायला ग्लुटाराल्डिहाइड चालतं, पण ते विषारी. पाणी शुद्ध करणाऱ्या वस्तूत मला ते नको आहे. म्हणून अनंताच्या फळांपासून मिळणारं जेनिपिन वापरून पाहतेय. कालच्या बीकरमधले मणी हळूहळू गडद निळे व्हायला लागलेत. हा निळा जेनिपिनच्या जोडणीचा, रंगाच्या चाचणीआधीचाच, त्यामुळे मणी पाण्यात रंग सोडतात का हेही आता वेगळं मोजावं लागेल.