गुरूचे चार चंद्र ओळखायला शिकलो त्याची गोष्ट

७ डिसेंबर २०२४ ला गुरूची प्रतियुती होती. सूर्य एका अंगाला, गुरू बरोबर विरुद्ध अंगाला आणि मध्ये आपण. म्हणजे तो संध्याकाळी उगवून पहाटेपर्यंत आकाशात. वृषभेत, रोहिणीच्या शेजारी. त्याचे चार मोठे चंद्र (आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो) नुसते बघायचे नाहीत, कोणता कुठला ते स्वतः ओळखायचं, असं ठरवलं.

साधन साधंच, १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण. हातात धरली तर ठिपके नाचतात, म्हणून ट्रायपॉड हवाच. रोज चौकटीच्या वहीत गुरूचा गोल काढायचा आणि दोन्ही बाजूंना ठिपके. ते कायम जवळजवळ एका रेषेत असतात, कारण चौघांच्या कक्षा गुरूच्या विषुववृत्ताच्या प्रतलात आहेत आणि ते प्रतल आपल्याला आडवं, ताटाची नुसती कड दिसावी तसं दिसतं.

ओळख पटवायची ती अंतरावरून. गुरूच्या केंद्रापासून त्याच्याच व्यासात मोजलं, तर गॅनिमीड फार तर साडेसात व्यासांपर्यंत जातो, कॅलिस्टो तेरापर्यंत. आठाच्या पुढे ठिपका दिसला की तो कॅलिस्टोच. गॅनिमीड सगळ्यांत तेजस्वी. बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे गडी! त्याचा परिभ्रमणकाळ ७.१५ दिवस, त्यामुळे पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी तो जवळपास त्याच जागी सापडतो. तो एकदा हाती लागला की वहीतली पानं आपोआप जुळायला लागतात.

आयोने मात्र पिडलं. एक तर तो तीन व्यासांच्या पलीकडे जात नाही, गुरूच्या झगमगाटात बुडतो. त्यात परिभ्रमणकाळ १.७७ दिवस, म्हणजे चोवीस तासांत अर्ध्याहून थोडी जास्त फेरी. रोज एकाच वेळी बघितलं तर तो आज या बाजूला, उद्या त्या बाजूला उड्या मारल्यासारखा वाटतो. त्याच्यासाठी एकाच रात्री आठला आणि पुन्हा अकराला बघू लागलो, तेव्हा त्याची चाल कळली. गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात, हेही मग वहीतच दिसलं.

चंद्र गुरूसमोरून गेला तर अधिक्रमण, मागे लपला तर पिधान, गुरूच्या सावलीत शिरला तर ग्रहण. प्रतियुतीच्या सुमारास सावली नेमकी गुरूच्या पाठीमागे पडते, म्हणून पिधान आणि ग्रहण वेगळं काढता येत नाही. फेब्रुवारीपर्यंत ती पूर्वेला सरकली होती. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ बघून बसलो; सावलीत शिरलेला गॅनिमीड गुरूच्या कडेपासून चांगला लांब, रिकाम्या जागी हळूहळू उजळला. आयोच्या अशाच ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे पाहून १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर यांनी प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवलं होतं.