हरणीनंतरचे पिल्लू

रविवार, रात्री

आमची कारवानी जातीची शिकारी कुत्री हरणी जाऊन अकरा महिने झाले. इतके दिवस घरात तिचा विषय निघाला की कोणीतरी काही निमित्त काढून उठून जात असे. आज जेवताना तो आप्पांनीच काढला. जतच्या बाजूला, कर्नाटकाच्या सीमेलगत, त्यांच्या ओळखीच्या एका मेंढपाळांची कारवानी कुत्री व्याली आहे आणि सात पिले आहेत, असे त्यांना बाजारात कळले होते. "बघून तर येऊ, आणायचं का नाही ते मागनं ठरवू," एवढेच ते म्हणाले. हिने काही न बोलता त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. धाकटीने लगेच नावांची यादी सुरू केली. मीच तेवढा गप्प राहिलो, आणि का गप्प राहिलो ते आज लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

हरणी माझ्या चुकीने गेली. त्या पहाटे मी मळ्याचे फाटक ओढून घेतले होते, पण कडी घातली नव्हती. शाळूच्या कडेने ससा उठला आणि ती फाटकाच्या फटीतून बाहेर पडली. आमच्या मळ्यापासून तीनशे पावलांवर रस्ता आहे; पूर्वी त्यावरून दिवसाला चार एस. टी. गाड्या जात असत, आता तो चौपदरी झाला आहे. मी हाका मारत राहिलो. ज्याने कारवानी कुत्रे पूर्ण वेगात धावताना पाहिले असेल त्याला ठाऊक असेल की एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा पोटाखाली गोळा झालेले आणि एकदा पुढेमागे ताणलेले, आणि त्या वेळी समोरच्या सशाखेरीज त्याला दुसरे काहीही दिसत नाही, कोणाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. ससा रस्ता ओलांडून गेला. हरणी ओलांडू शकली नाही.

या कुत्र्याला मी दोष कसा देऊ? वासावर माग काढणारी कुत्री वेगळी आणि नजरेवर शिकार करणारी वेगळी. कारवानी ही नजरेची जात आहे. उघड्या माळावर ससा उठल्यापासून दिसेनासा होईपर्यंत जे काही क्षण मिळतात, तेवढ्यात मालकाच्या आज्ञेची वाट न पाहता ज्या कुत्र्याने झेप घेतली त्याचीच पिले लोकांनी पुढे ठेवली, आणि असे कित्येक पिढ्या चालले. म्हणजे हाक न ऐकणे ही हरणीची खोड नव्हती. आमच्याच वाडवडिलांनी निवडून निवडून तिच्यात उतरवलेला तो गुण होता. आता मी पुन्हा त्याच जातीचे पिल्लू आणायला निघालो आहे. ज्या गुणावर जीव जडतो त्याच गुणाला आयुष्यभर कुंपण घालावे लागणार, हे आधी मनाशी पक्के केल्याशिवाय पिले बघायला जाऊ नये, असे मला वाटते.

कारण शिकारीचा प्रश्न तर आता उरलेलाच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे, आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्यामागे कुत्रे सोडून पाठलाग करवणेही येते. ससा हाती लागला नाही तरी तो प्रयत्न गुन्हाच ठरतो. आमच्या माणदेशात १९७२ साल म्हटले की कोणाला कायदा आठवत नाही, दुष्काळ आठवतो. आप्पा तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि सुकडीवर दिवस काढत होते. त्या वर्षी आमच्या चुलीवर जे काही मटण शिजले ते घरच्या कारवानी कुत्र्याने धरलेल्या सशांचे होते, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळचे आपले बाळंतपण त्यावरच निभावले, असे आई सांगत असे. त्या कुत्र्याचे नाव मोती. आप्पा आजही त्याचे नाव घेताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे घ्यावे तसे घेतात. कायदा योग्य आहे, माळावर आता ससे किती उरले आहेत ते आम्ही पाहतोच आहोत, हे आप्पांनाही मान्य आहे. पण ज्या जातीने घर जगवले ती जात केवळ तिचे काम संपले म्हणून दारातून नाहीशी व्हावी, हे त्यांना सहन होत नाही, आणि मलाही होत नाही.

गुरुवार

आज शाळा सुटल्यावर कुंपणाचे काम हाती घेतले. मळ्याच्या तीन बाजूंना काटेरी तार आहे. तिच्यातून ढोर आत येत नाही हे खरे, पण कारवानी कुत्र्याची कातडी पातळ असते आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते. धावत्या कुत्र्याला एक काटा लागला तरी कागद फाटावा तशी कातडी फाटते. हरणीच्या डाव्या मांडीवर त्याच तारेचा वीतभर व्रण होता. तार काढून तिथे सहा फूट उंचीची जाळी बसवायची ठरवली आहे आणि तिचा खालचा काठ मातीत गाडणार आहे. फाटकाला आपोआप पडणारी कडी लावून घेतली. घरातल्या प्रत्येकाने ती आज माझ्यासमोर दोन दोनदा उघडून बंद केली. आप्पांनीही केली, आणि त्याचे कारण त्यांनी विचारले नाही.

जाळीच्या आत साधारण दीड एकर पडीक राहील. डाळिंबाची बाग वाढवण्यासाठी ठेवलेला तो तुकडा आहे, आणि त्याचे काय करायचे यावर हिच्याशी दोन रात्री बोलणे झाले. शेवटी तिनेच सांगितले की झाडे पुढच्या वर्षी लावता येतील. या कुत्र्याला साखळीवर बांधून ठेवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे, आणि मोकळे सोडणे म्हणजे माळावरच्या जिवांवर. या दोहोंच्या मधली जागा आपल्याजवळ नसेल तर पिल्लू आणूच नये. शहरात सदनिकेत राहून, छायाचित्रातला तो लांब मुखवटा आणि आत ओढलेले पोट पाहून, पिल्लू नेणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. लहानपणी ते कोठेही मावते. वर्षभरात नर खांद्याशी २७ ते २९ इंच भरतो.

पशुवैद्यकीय डॉक्टरांकडेही जाऊन आलो. पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग चार महिन्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने पुढचे डोस, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, जंताचे औषध सुरुवातीपासूनच, हे सगळे वहीत लिहून घेतले. डिस्टेंपर कुत्र्यांकडून माळावरच्या खोकडांनाही होतो, तेव्हा ही लस आपल्या ओसरीपुरती नसते, असे ते म्हणाले. भूल देण्याची वेळ आली तर ही नजरेची जात आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण अंगात चरबी कमी असल्यामुळे भुलीच्या काही औषधांचा अंमल अशा कुत्र्यांवर फार वेळ राहतो, हे मी लाल शाईने लिहिले आहे. वाढत्या पिल्लाला आपल्या मनाने कॅल्शियम पाजू नये, असेही त्यांनी बजावले. हाडे मजबूत व्हावीत म्हणून आमच्याकडे ते सर्रास पाजतात.

रविवार

आज पिले पाहिली. पहाटे पाचला निघालो, आप्पा पुढच्या सीटवर, मागे धाकटी आणि तिच्या मांडीवर आईच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा तुकडा.

आप्पांचा पहिला नियम असा की पिलांकडे बघायच्या आधी आईकडे बघायचे. आई वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या, कडेला बाभळीखाली उभी होती. बदामी रंग, छाती कोपरापर्यंत उतरलेली, कमरेच्या जागी दोन्ही हातांच्या पंजांत मावेल एवढे पोट, आणि मान डोक्यापेक्षा जाड. आम्ही जवळ जाताच ती पिलांच्या आणि आमच्या मधे येऊन उभी राहिली. भुंकली नाही, दात दाखवले नाहीत, फक्त पाहत राहिली. मेंढपाळांच्या पत्नीने मानेवर हात ठेवताच खाली बसली. दोन कोकरे तिच्या पाठीवरून उड्या मारून गेली तरी तिने मान वळवली नाही. माझे निम्मे मन तिथेच ठरले, कारण ज्या घरात आई माणसांच्या आणि कोकरांच्या गराड्यात अशी स्वस्थ असते, त्या घरच्या पिलांचे पहिले आठवडे भीतीत गेलेले नसतात.

तिच्या जातीचे कागद नव्हते आणि मी मागितलेही नाहीत. पलीकडे बागलकोट जिल्ह्यात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपडे यांनी या जातीचे संगोपन केले आणि एक जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली, तेव्हापासून ते नाव जगात गेले. २००५ साली टपाल तिकिटावर आले तेही मुधोळ याच नावाने. आप्पांच्या लेखी ही दोन्ही नावे एकाच कुत्र्याची आहेत, अंगावर लांब केस असतील तर पश्मी आणि नसतील तर कारवानी, आणि वस्तीवरचे सगळे त्यांच्याशी सहमत होते.

मग पिले. मी खिशातून दोरीला बांधलेले फडके काढले आणि मातीवरून ओढत नेले. पाच पिले झेपावली, एक झोपेतच होते, एक बाजूला बसून राहिले. पट्टेरी नराने फडके दातांत धरले आणि दोरीसकट मागे ओढले. आप्पांचे डोळे चमकले. त्यांनी त्याला मानेच्या कातड्याला धरून उचलले. ते ओरडले नाही. "ह्यो मोतीच हाय," ते म्हणाले. मी काहीच बोललो नाही, कारण तसा तो होताच.

थोड्या वेळाने मी पुन्हा फडके ओढले. या वेळी छातीवर पांढरा ठिपका असलेली एक बदामी मादी सगळ्यांच्या पुढे होती. तिने फडके धरले, आणि नेमक्या त्याच वेळी मेंढपाळांच्या पत्नीने भाकरीचा तुकडा हातात घेऊन "यू यू यू" केले. ती थांबली. फडके अजून दातांतच होते, पण मान वळली होती. मग तिने ते सोडले आणि लुटुलुटु परत गेली.

एवढ्यावरून पाच आठवड्यांच्या पिल्लाचे आयुष्य सांगता येत नाही, हे मला कळते. त्या क्षणी ती नरापेक्षा जास्त भुकेली असेल. म्हणून फडके मी आणखी तीन वेळा ओढले आणि हाक मारणारे माणूस दर वेळी बदलले. भाकरी न दाखवता धाकटीने हाक मारली तेव्हाही तिने एकदा वळून पाहिले. तीनांत एकदाच, पण पाहिले. नराने एकदाही पाहिले नाही. हाकेला येणे हे शिकवून आणि रोज शिकवून येते. मला फक्त शिकवणीला जागा असलेले पिल्लू हवे होते.

आप्पा बराच वेळ बाभळीखाली बसून राहिले. मग म्हणाले, "फाटकाचा विचार करतोयस न्हवं? मग तीच घे." परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत.

पिल्लू आजच न्या, असा आग्रह झाला. इकडे पाच-सहा आठवड्यांची पिले देण्याची पद्धतच आहे. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, पण मी नियमाचे नाव घेतले नाही. भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे ते पिल्लू या आठवड्यांतच शिकते, एवढेच सांगितले, आणि ते मेंढपाळांना लगेच पटले. निघताना धाकटीने गोधडीचा तुकडा पिलांच्या मधोमध ठेवला. तीन आठवडे आईचा आणि भावंडांचा वास त्यात मुरेल, म्हणजे इथल्या पहिल्या रात्री ओसरीवर काहीतरी ओळखीचे असेल.

चंपाषष्ठी, रात्री

जाळी पूर्ण झाली. आज खंडोबाचा नैवेद्य, वांग्याचे भरीत आणि रोडगे. तळी भरली, आणि मग दरवर्षीप्रमाणे कुत्र्याचा वाटा काढला. गेल्या वर्षी तो हरणीने ओसरीवर खाल्ला होता. या वर्षी आप्पा तो घेऊन फाटकापर्यंत गेले, रस्त्याकडेच्या कुत्र्यांना घातला, आणि परत येताना कडी पडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

उद्या पहाटे निघायचे आहे. खोके, त्यात जुनी वर्तमानपत्रे, पाण्याची बाटली, आणि तिथे ती जे खाते तेच पहिले काही दिवस द्यायचे म्हणून तिथलेच ज्वारीचे पीठ मागून घ्यायला एक पिशवी. या जातीची मान डोक्यापेक्षा जाड असल्यामुळे साधा पट्टा मागे सरकून निघून येतो; म्हणून चामड्याचे काम करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून चार बोटे रुंदीचा पट्टा करून आणला आहे. तो तिला येत्या दिवाळीपर्यंत बसणार नाही. तरीही आप्पा संध्याकाळपासून तो मांडीवर घेऊन बसले होते आणि चिंधीने त्याला एरंडेल चोळत होते. झोपण्यापूर्वी त्यांनी तो ओसरीच्या भिंतीला अडकवला. हरणीचा पट्टा आहे त्या खुंटीला नव्हे, तिच्या शेजारी आज दुपारी नवी ठोकलेल्या खुंटीला.