कोरडी धग

“गाठ पोटात, मग चेहरा का तापतो?” असं लोक मला नेहमी विचारतात. परवा हळदीकुंकवाला तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

माझ्या लहान आतड्यात कार्सिनॉइड जातीची गाठ निघाली. १९०७ साली म्युनिकच्या ओबर्नडॉर्फर यांनी हे नाव दिलं, कॅन्सरसारखी पण निरुपद्रवी अशा अर्थानं. निरुपद्रवी ती नसते, सावकाश का होईना पसरते. ही गाठ सेरोटोनिन, ब्रॅडिकायनिन, टॅकिकायनिन अशी रसायनं रक्तात सोडते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत त्यांचा निकाल लावतं, म्हणून बरीच वर्षं काही कळलंच नाही. पुढे गाठ यकृतात पसरली आणि तिथून रसायनं थेट अंगभर फिरू लागली. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात आणि कातडीखाली एकदम जास्त रक्त येतं. सेरोटोनिनमुळे मुख्यतः जुलाब होतात. धगीचा दोष जास्त करून बाकीच्यांकडे जातो.

माझा रंग सावळा, त्यामुळे लाली फारशी दिसत नाही. पण कानाच्या पाळ्या, गाल, मान, गळ्याखालचा भाग असा तापतो की हात लावणारा दचकतो. चार-पाच मिनिटांत ओसरतं. तिखट मिसळ खाल्ली किंवा कुणावर चिडले की हमखास.

सगळे म्हणायचे, पाळी जायचं वय आहे. डॉक्टरही तेच म्हणाले आणि दोन वर्षं मीही तेच धरून बसले. एकदा धाकटी बहीण पदरानं माझं कपाळ पुसायला आली नि थबकली. “ताई, घामच नाही गं तुला!” पाळी जातानाच्या झळेत बहुधा घाम फुटतो. माझी धग कोरडी होती.

मग चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून तपासली. त्याआधी तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद, कारण लघवीत सेरोटोनिन मोडून तयार होणारा पदार्थ मोजतात आणि त्यांच्यामुळे तो आकडा उगाच वाढतो. आता दर चार आठवड्यांनी कमरेत ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन घेते. त्यानं गाठीचा स्राव दबतो, धग कमी येते. हृदयाच्या उजव्या झडपा या रसायनांनी जाड होऊ शकतात, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करून घेते.

तुमच्या ओळखीत कुणाला अशी कोरडी धग आणि जुलाब दोन्ही असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना सांगायला लावा. मी जुलाब पोटाच्या डॉक्टरांना सांगत होते आणि धग बायकांच्या डॉक्टरांना.