कंपासपेटी

बॉस्टनला माझ्या लेकीच्या हायस्कुलात दर गुरुवारी वीसेक मुलं गोल करून बसतात. हैतीहून आलेली, व्हिएतनामी, ज्यू, सोमाली, आयरिश घरांतली. सत्र घेतात ती सतरा वर्षांची दोन मुलं. शिक्षक मागे बसून नुसतं ऐकतात. याच शहरात १९८५ मध्ये ‘ए वर्ल्ड ऑफ डिफरन्स’ हा पूर्वग्रहांविरुद्धचा उपक्रम सुरू झाला, त्याच धर्तीवरचं हे काम. मोठ्यांचं भाषण त्या वयात डोक्यावरून जातं. वरच्या वर्गातली ताई ‘तुझं ते बोलणं मला लागलं’ म्हणाली, की मुलं ऐकतात.

एकदा पालक म्हणून मीही बसले. प्रश्न आला : कुणावर अन्याय होताना तुम्ही गप्प बसलात, असं कधी झालंय?

मला सोलापुरातला आमचा आठवीचा वर्ग आठवला. एकीची कंपासपेटी हरवली आणि बाईंनी फक्त एकाच मुलाचं दप्तर उलटं केलं. तो सेटलमेंटमधला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तीच ही सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला. आमच्या वर्गात तो तसाच होता. मधल्या सुट्टीत तो मुलगा जागेवरून हललाच नव्हता, हे मी पाहिलं होतं. तरी मी हात वर केला नाही. पेटी दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरीच सापडली. त्याची माफी कुणीच मागितली नाही, मीसुद्धा.

यंदा सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला घरी आले, तेव्हा भाचीच्या मैत्रिणींना गच्चीवर बोलावलं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या नऊजणी. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं सगळ्यांना पाठ : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं एकाच दिवशी फासावर गेले. पण उर्दू शाळेतल्या मुलीच्या घरी बाकीच्यांपैकी एकही कधी गेली नव्हती.

मी तोच प्रश्न विचारला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातली एकजण म्हणाली, “मावशी, माझं मराठी चुकलं की वर्ग हसतो. त्याचं काही नाही. ही माझ्या बाकावर बसते आणि हीपण हसते.”

‘ही’ शेजारीच होती. तिनं मान खाली घातली, मग हळूच म्हणाली, “मला वाटायचं, तुला चालतं.”

त्या दोघींना आता हेच सातवीच्या मुलांबरोबर करायचंय. सोलापुरातल्या कुणा मुख्याध्यापकांना शनिवारी दोन तास वर्ग देता येईल का? जमत असेल तर जरूर कळवा.