संक्रांत आणि शेजवलकर

१४ जानेवारी, रात्र.

सकाळी तिळगूळ द्यायला शेजारचा नातू आला. म्हटलं, आजच्या दिवशी काय झालं होतं, सांग? "आजोबा, सुट्टी आहे ना आज!" तीस-बत्तीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवला, ती खोड कुठं जाते?

पानिपतची लढाई आजच्याच तारखेची. दुपारी इतिहासकार शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' काढून बसलो. इंग्रजीत १९४६ साली आलेलं. मराठीत यायला १९६१ उजाडलं, लढाईला बरोबर दोनशे वर्षं होईपर्यंत. शेजवलकर मूळचे राजापूरकडच्या कशेळीचे. डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचे रीडर. हुद्दा एवढाच, पण दरारा केवढा! आपल्याकडे 'पानिपत झालं' म्हणजे सगळं बुडालं, आणि बुडवलं कोणी तर भाऊसाहेबांनी, हे घरोघरी ठरलेलं. या माणसानं रणभूमी स्वतः जाऊन पाहिली, कागद तपासले आणि भाऊंच्या माथ्यावरचा बराच ठपका उचलून पुण्याकडे, नानासाहेब पेशव्यांच्या कारभाराकडे वळवला. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला नि मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली. छावणीत दाणा नाही, वैरण नाही. आणि डिसेंबरअखेर पेशवे पैठणला लग्न लावतायत! हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी चढायचा.

त्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही. रागावून लिहितात, कधी एकाच फटक्यात माणूस निकालात काढतात. पण विद्यार्थ्याला जागं ठेवायला तेच बरं. मी मात्र जन्मभर सावधपणे 'एका मतानुसार' म्हणत राहिलो.

मनात घर करून आहे ते त्यांचं शिवचरित्र. ते १९६३ साली गेले, आणि पुढच्या वर्षी छापून आली ती संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र राहिलंच.

माझ्या माळ्यावर दोन ट्रंका आहेत. आमच्या पेठेचे महजर म्हणजे जुने निवाडे, पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाचे कागद, मोडीवरून उतरवून घेतलेले. माझी तर प्रस्तावनाही नाही. संध्याकाळी शिडी लावून एक ट्रंक खाली घेतली, धूळ पुसली, कोरी वही आणली. ही गुळपोळी घेऊन आली, वही बघून म्हणाली, "उद्या किंक्रांत. नवं काही सुरू करू नये."

परवा बसतो.