पांढऱ्यानं काय पाहिलं

आमच्या खिडकीत तीन फायटर मासे आहेत, तीन बरण्यांत. बरण्यांच्या मधे जुन्या लग्नपत्रिका उभ्या केलेल्या. दोन नर एकमेकांना दिसले की कल्ले फुगवून काचेवर धावून जातात, म्हणून सीताबर्डीच्या मासेवाल्यानं ही युक्ती सांगितली होती.

मे महिन्यात दुपारी कूलरच्या वाऱ्यानं पत्रिका उडाल्या. मी झोपलेलो. उठून पाहतो तर लाल्या तळाशी, पर मिटलेले, अंगावर फिकट पट्टे. निळ्या अजून फुगलेलाच. आणि पांढऱ्या कोपऱ्यातून बघतोय.

संध्याकाळी भाच्यानं गंमत केली. पांढऱ्यासमोर लाल्याची बरणी ठेवली, पठ्ठ्या लगेच फुगला. निळ्याची ठेवली, तर मनी प्लांटच्या मुळांमागे रेंगाळला.

"मामा, हा काऊन भेऊन राह्यला? याले तं त्यानं हातबी नाही लावला!"

(माशाला हात! असो.)

माझं म्हणणं, निळ्या मुळातच दांडगा, तो कोणालाही तसाच दिसणार. पण ही शंका माझ्याआधीच काढून झाली आहे. 1998 मध्ये ओलिव्हेरा, मॅकग्रेगर आणि लाट्रुफ यांनी फायटर माशांवरच प्रयोग केला. एका नराला दुसऱ्या दोघांची झुंज पाहू दिली, मग त्या दोघांसमोर आणलं. जिंकलेल्याजवळ जायला तो जास्त वेळ घ्यायचा, हरलेल्याजवळ कमी. जी झुंज त्याला दिसलीच नव्हती, तिच्यातल्या जेत्या-पराभूतांत मात्र तो फरक करत नव्हता. म्हणजे नुसता दांडगेपणा नव्हे, पाहिलेलं लक्षात राहत होतं.

2007 ची गोष्ट तर मला अजून पचलेली नाही. टांगानिका सरोवरात सापडणाऱ्या एका सिक्लिड माशाला पाच नरांच्या झुंजी दाखवल्या: पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं पाचव्यापर्यंत. दुसरा आणि चौथा एकमेकांशी कधी भिडलेच नव्हते, आणि दोघांच्या खात्यावर एक जीत, एक हार. तरी पाहणारा चौथ्याकडेच जास्त जायचा, म्हणजे कमजोराकडे. आमच्या शाळेत हे गणित फळ्यावर दोनदा सोडवावं लागायचं.

आता पत्रिका परत लावल्यात, या वेळी चिकटपट्टीनं. भाच्याला निळ्याला पांढऱ्यासमोर हरलेला दाखवायचाय, त्यासाठी चौथा फायटर आणू म्हणतो. कूलरच्या पाण्याचीच इथं मारामार, नवी बरणी कुठून भरू?